उलटा सल्ला

कामगार कायद्याचे वकील असलेल्या अप्पांचं निम्मं आयुष्य मालकांचे राग उतरवण्यात गेलं. छापखानेवाले, बेकरीवाले, नर्सिंग होमचे डॉक्टर, शाळेच्या बसगाड्या चालवणाऱ्या बाई, असे छोटे मालक तणतणत त्यांच्या ऑफिसात यायचे. 'त्या माणसाला उद्यापासून दारात उभा करणार नाही,' असं म्हणायचे. अप्पा त्यांना खुर्चीत बसवायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे, "त्याचं म्हणणं काय आहे?" बहुतेकांनी ते विचारलेलंच नसायचं. मग कामावरून कमी करण्याआधी माणसाला लेखी का विचारावं लागतं, चौकशी कशी करायची, ती मालकाच्या मेव्हण्यानेच का करू नये, हे अप्पा शांतपणे समजावून सांगायचे. मालक आला तेव्हा वाघ असायचा, जाताना निदान माणूस होऊन जायचा.

ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. मुलाने वकिलीकडे पाठ फिरवली आणि तो पुलांचे नकाशे काढायला लागला, पण सून नेमकी वकील मिळाली, तीही कामगार कायद्याचीच आवड असलेली. अप्पांना कोण आनंद झाला. त्यांनी हौसेने दुसरं टेबल मांडलं, तिला आरोपपत्र कसं लिहायचं ते शिकवलं. 'गैरवर्तन केलं' असं मोघम लिहायचं नाही, कुठे, केव्हा, काय केलं ते लिहायचं, हे तिने एकदा ऐकलं ते कायमचं. भेटेल त्याला ते सांगायचे, "आमची सूनबाई हुशार आहे हो."

लोकांनी ते ऐकलं आणि खरं मानलं, तिथेच सगळं बिनसलं.

आधी बसवाल्या बाई तिच्याकडे वळल्या. अप्पा म्हणाले, बायकांचं बायकांशी जमतं. मग छापखानेवाले वळले. अप्पा म्हणाले, त्यांचं काम किरकोळच असतं. पण लाँड्रीवाल्याने जेव्हा दारातून आत डोकावून, समोर अप्पा धडधडीत बसलेले दिसत असताना विचारलं, "मॅडम नाहीत का?", तेव्हा अप्पांच्या पोटात कळ उठली. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणारा हा मोठा धंदा. त्याच्या पहिल्या कामगाराचं नेमणूकपत्र अप्पांनी लिहिलं होतं, आणि आता म्हणे मॅडम.

त्यानंतर अप्पा अप्पा राहिले नाहीत. सुनेचे फोन आले की 'ती कामात आहे' म्हणून ठेवून द्यायचे आणि तिला सांगायला विसरायचे. तिने लिहिलेल्या मसुद्यात चूक सापडली नाही, तर अक्षर बारीक आहे म्हणायचे. जेवताना मुलगा तिच्या एखाद्या खटल्याबद्दल विचारायला लागला की यांना ठसका लागायचा. बायकोने एकदा भाजी वाढता वाढता हळूच म्हटलं, "अहो, सून आहे ती. सवत असल्यासारखं काय करता?" अप्पा ताटावरून उठलेच.

अशात लाँड्रीत भांडण झालं. गाडीच्या ड्रायव्हरने सुपरवायझरची कॉलर धरली, गठ्ठे चिखलात पडले, इस्पितळाचा माल परत धुवावा लागला. लाँड्रीवाला धापा टाकत आला तेव्हा सून कोर्टात होती. त्याने तिला वाटेतच फोन केला होता. तिने सांगितलं होतं, ड्रायव्हरला तात्पुरतं निलंबित करा, आरोप लेखी द्या, दोघांचं म्हणणं ऐका, तोवर काही ठरवू नका.

"आता तुम्ही काय म्हणता, अप्पा?" त्याने विचारलं. "मला तर तो माणूस नजरेसमोर नकोय."

सुनेचा शब्द न् शब्द बरोबर होता. अप्पांनीच तर शिकवला होता. त्यांनी नुसतं 'ती म्हणते तसं करा' एवढं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"एवढं लचांड कशाला? सरळ काढून टाका. नवीन पोरींना पुस्तकातलं फार सुचतं."

लाँड्रीवाल्याचा चेहरा उजळला. त्याला हेच ऐकायचं होतं. "शेवटी अनुभव तो अनुभव," असं म्हणत तो गेला, आणि अप्पांना कितीतरी दिवसांनी चहा गोड लागला. रात्री मात्र झोप नीट लागली नाही.

ड्रायव्हरने रीतसर तक्रार केली. कामगार अधिकाऱ्याचं बोलावणं आलं आणि मग कोणी न विचारलेलं बाहेर आलं. सुपरवायझरनेच आधी ड्रायव्हरला ढकललं होतं, तेही तो माल भरायला गाडीच्या शिडीवर उभा असताना. गठ्ठे बांधणाऱ्या दोन बायकांनी ते पाहिलं होतं. लाँड्रीवाला पुन्हा तणतणत आला. या वेळी दोघंही ऑफिसात होती.

"तुमच्या ऑफिसने सांगितलं म्हणून मी त्याला काढला," तो म्हणाला. "आता तोंड दाखवायला जागा नाही मला."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. तिच्या सगळं लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, "सल्ला आमच्या ऑफिसचाच होता. आम्ही चुकलो. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

तिने झाकून घेतलं म्हणून अप्पांना हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगाची आग झाली. हुशारी तर तिने घेतलीच होती, आता मोठेपणाही तीच घेऊन चालली होती. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा हे आधीच बूट घालून दारात उभे होते.

कामगार अधिकाऱ्याच्या खोलीत एका बाकावर ड्रायव्हर आणि त्याची बायको, समोर ही तिघं. अधिकाऱ्याने विचारलं, चौकशी का झाली नाही? सून बोलायला लागणार तोच अप्पा उभे राहिले.

"हिने चौकशीच करायला सांगितली होती," ते म्हणाले. "मी मोडता घातला. चूक माझी आहे. माणसाला परत घ्यावं, मधला पगार द्यावा आणि मग दोघांचंही ऐकून घ्यावं."

लाँड्रीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. ड्रायव्हरच्या बायकोने पदराने तोंड पुसलं. अधिकाऱ्याने, जो अप्पांना फार वर्षं ओळखत होता, काही न विचारता समेटाचा कागद पुढे ओढला. ड्रायव्हर कामावर गेला. पुढे चौकशीत दोघांनाही समज मिळाली आणि सुपरवायझरला आतल्या विभागात बसवलं.

परतताना बसस्टॉपवर दोघंच होती. सुनेने विचारलं, "मी सांगितलेलं चुकीचं वाटलं होतं का तुम्हाला?"

"नाही," अप्पा म्हणाले. "बरोबर होतं. म्हणूनच."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मला फार राग आलाय, अप्पा. एका माणसाच्या घरची चूल बंद पडली होती. आज माझ्याशी बोलू नका."

बसमध्ये अप्पा तिच्या मागच्या सीटवर बसले. राग आला की राग आलाय असं ही सरळ म्हणू शकते, याचाही त्यांना हेवा वाटला.

दोन दिवसांनी ती बोलायला लागली, तेही कामापुरतंच. लाँड्रीवाला कायमचा तिचा झाला. बेकरीवाले तेवढे अप्पांकडे राहिले, कारण त्यांना वाद घालायला आवडायचं आणि सून वाद घालत बसत नसे. तिच्याकडे कोणी आलं की अप्पा आता स्वतः उठून खुर्ची पुढे करतात, "बसा, येईलच ती," म्हणतात आणि आत जातात. ओट्याशी उभे राहून गार पाणी पितात. बायको विचारते, "पोटात दुखतंय का अजून?"

"थोडं," अप्पा म्हणतात, आणि परत बाहेर जाऊन बसतात.