सालाचा शिक्का

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस वंदन करून, तसेच जो सर्वांच्या आयुष्याची मोजणी करतो व त्या मोजणीत कधी चुकत नाही त्या काळरूप परमेश्वरापुढे मस्तक ठेवून, हे लिहावयास बसलो आहे. आज वर्षप्रतिपदा. नव्या पंचांगाची पूजा आटोपली, संवत्सरफल वाचून झाले. लिहिण्याचे निमित्त मात्र कालचे आहे. ज्या बियाणे कंपनीत मी सतरा वर्षे चाकरी केली, तेथील जुना संगणक काल भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गोंदियाच्या भर बाजारातून चालला होता. मी औषधाच्या दुकानापाशी उभा होतो. पडद्याच्या चौकटीवर मी आणि माझ्यानंतर इतरांनी वर्षानुवर्षे लावलेल्या कुंकवाचे पापुद्रे तसेच होते. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ती वस्तू पुन्हा दृष्टीस पडली आणि हळहळ वाटली नाही. शिसारी आली.

मी मूळचा पाठशाळेतला. पाठशाळा बंद पडली तेव्हा मालक शेठजींनी मला कंपनीत बोलावले. अक्षर सुवाच्य आहे, माणूस खोटे बोलणार नाही, एवढ्याच दोन गुणांवर त्यांनी मला पाठवणीच्या टेबलावर बसवले. धानाचे बियाणे कोणत्या गोदामात, कोणत्या थप्पीत आहे, केव्हा भरले, कोणाला द्यायचे, हे सारे त्या संगणकात असे. आधी भरलेला माल आधी बाहेर काढावा, हा हिशेब तोच करी. प्रत्येक पोत्याला बांधायची चिठ्ठीही त्यातूनच छापून निघे. तिच्यावर वाणाचे नाव, थप्पीचा क्रमांक आणि भरणीचे साल असे.

१९९९ साल सरत आले तेव्हा ही व्यवस्था बसवून देणारा नागपूरचा गृहस्थ येऊन म्हणाला, "शेठजी, याला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात, दोन हजार साल कळणार नाही. नवीन बसवून घ्या. तोवर घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेऊन ठेवतो. वार तेच येतात, कोणाला कळणारही नाही."

शेठजींचा चेहरा खुलला. "बस, इतनाच? घुमा दो पीछे! इस सीजन भर की तो बात है."

अशा रीतीने जगात दोन हजार साल उजाडले आणि आमच्या कार्यालयात बहात्तर. वार जुळले, तिथी जुळल्या नाहीत, पण त्यांची तिथे कोणाला गरज नव्हती. चिठ्ठीवर छापून येणाऱ्या खोट्या सालावर खरे साल उमटवण्यासाठी एक रबरी शिक्का करून आणला आणि तो माझ्या हाती दिला. दर जानेवारीत शिक्का नवा येई. यंत्राचे खोटे सालही एकेकाने पुढे सरके.

वाचकांनी माझी स्थिती ध्यानात घ्यावी. पहाटे स्नान करून मी पूजेला बसे. संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांचा यथास्थित उच्चार करी. मी कोठे आहे आणि केव्हा आहे हे देवापुढे खरे सांगितल्यावाचून पूजेला आरंभच नाही, अशी माझ्या गुरूंची शिकवण. आणि अकरा वाजता तोच मी त्या यंत्रापुढे बसून खोट्या सालावर खटाखट शिक्के मारी. पहिला आठवडाभर मनाला टोचले. नंतर हात आपोआप चालू लागला. खाली काय छापले आहे ते मी पाहीनासा झालो.

"या सीजनपुरते" म्हणून केलेली ती गोष्ट चालूच राहिली. खरीप संपला की उन्हाळी धानाची गडबड. ती संपली की पुन्हा खरीप. मध्ये एखादा मोकळा पंधरवडा सापडलाच तर शेठजी माझ्याकडे वळत. "पंडितजी, नया सॉफ्टवेअर डालना है. अच्छा दिन निकालिये." मी पंचांग उघडी. कधी पितृपक्ष असे, कधी अधिक मास, कधी गुरूचा अस्त. मी प्रामाणिकपणे सांगे, आणि शेठजी मोठ्या भक्तिभावाने मान डोलवीत. हळूहळू माझ्या लक्षात आले, की मी शुभ दिवस सांगितला तर ते विसरतात आणि अशुभ सांगितला तेवढा पाळतात. दसऱ्याला त्या यंत्राला हार घालीत, नारळ फोडवून घेत. "इसके आने के बाद ही बरकत आयी है," असे म्हणून त्याला हात जोडीत. मंत्र माझे असत. आज ते आठवले की तोंड कडू होते.

खर्चाचे कारण नव्हते. त्याच काळात गोदामावर नवा मजला चढला होता. खरे कारण मला फार उशिरा कळले. नवी व्यवस्था बसवायची तर एकदा सगळी गोदामे उपसून थप्पी न् थप्पी मोजून लिहावी लागली असती. जुन्यात काय काय सडत पडले आहे, कोणी काय दडपले आहे, ते सारे उजेडात आले असते. ते कोणालाच नको होते. शेठजींना नको, त्यांच्या पुतण्याला नको, टेबलावरच्या माणसांना नको. ते जुने यंत्र आमच्या सगळ्यांच्या घाणीवरचे झाकण होते, आणि त्या झाकणाला मी कुंकू लावत होतो.

तरी काम चालले होते, कारण गोदामाचा म्हातारा मुकादम अजून होता. तो निरक्षर, पण कोणती थप्पी कोणत्या हंगामातली हे त्याला तोंडपाठ. यंत्राने काहीही छापले तरी तो म्हणे, "थे नोका काढू, जुनी हाये." तो सांगे तसे होई. मग त्याचे गुडघे गेले आणि तो कामठ्याला आपल्या घरी जाऊन बसला.

त्यानंतरचा पहिला खरीप, म्हणजे घड्याळ मागे नेल्यापासूनचा चौथा. मृग संपत आला होता. सकाळच्या गाडीने अर्जुनी मोरगावकडची एक वयस्क शेतकरीण कार्यालयात आली. ज्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या गावोगाव तलाव बांधले त्यांच्यातली. माझ्या टेबलाशी येऊन तिने लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि मूठभर ओली माती माझ्या चिठ्ठ्यांवर ओतली. मातीत धानाचे दाणे होते. काळपट, फुगलेले. एकालाही मोड नव्हता. कुबट वास सुटला.

"पाहा जी महाराज," ती म्हणाली. "दहा दिस झाले रोवणीच्या रोपाचे पऱ्हे टाकून. काऊन नाही उगवलं?"

"बाई, पाणी साचले होते का?"

"आता तुमी बी तेच म्हणा! सारा गाव म्हणून राहिला, या बुढीनं पाणी जास्त देलं. मी का काल रोवणीले आली का जी? मह्या सासूच्या हातापासून पऱ्हे टाकून राहिली मी."

ती पुढे म्हणाली, "माही धानाची बांधी पाटाच्या शेवटाले. तलावाचं तुडूम, पाणी सोडाचं दार, उघडलं का वरच्यांची पाळी आधी, माही सगळ्यांच्या मागून. त्या पाळीले रोप तयार पायजे. आज-उद्या बी पडलं तर होते. नाही पडलं तर पाणी जाते अन् बांधी पडीक. घरात चार ताटं हायेत जी. वर्षाचा भात थ्याच बांधीतून येते."

मग तिने पोत्याची चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. "बी का आपल्याले आतून दिसते? मी शिक्का पाहून घेतलं. हा पाहा, यंदाचा साल."

शिक्का माझाच होता. ठसठशीत, जांभळा. मी चष्मा पुसला आणि चार वर्षांत प्रथमच शिक्क्याखाली काय छापले आहे ते निरखले. यंत्राच्या खोट्या काळाप्रमाणे तिथे पंचाहत्तर असायला हवे होते. तिथे नव्याण्णव होते.

क्षणभर काही उमजेना. मग सगळे उलगडले. घड्याळ मागे नेण्याआधी, खऱ्या नव्याण्णव साली भरलेली एक थप्पी मागच्या गोदामात राहून गेली होती. नंतर भरलेल्या मालावर बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर अशी साले पडत गेली. त्यामुळे यंत्राला ती चार वर्षांपूर्वीची थप्पीच सर्वांत ताजी वाटत राहिली आणि दर वर्षी ते तिला शेवटासाठी राखून ठेवीत गेले. मुकादम असता तर त्याने ती बाहेर येऊच दिली नसती. यंदा मागणी वाढली, बाकी माल संपत आला आणि ते मेलेले बियाणे निघाले. चार वर्षांत त्या यंत्राने एकदाच खरे साल सांगितले होते, आणि त्या खऱ्यावर मी माझ्या हाताने शिक्का मारला होता.

त्या दिवशी मला प्रथम किळस आली ती माझ्या उजव्या हाताची.

मी उठून शेठजींच्या खोलीत गेलो आणि सर्व सांगितले. हलक्या धानाची, म्हणजे लवकर निघणाऱ्या वाणाची, ताजी पोती पुढच्या गोदामात होती, पण ती बालाघाटच्या एका मोठ्या दुकानदारासाठी राखलेली. त्यातले एक या बाईला द्यावे, आणि त्या थप्पीतली पोती ज्यांना ज्यांना गेली त्यांना आजच कळवावे, असे मी म्हटले.

शेठजींनी दार लावून घेतले. "पंडितजी, आप भी ना! एक बुढ़िया आयी तो सारे जिले में डौंडी पिटवाओगे? बोल दो पानी जादा हुआ. सीजन के बाद देखते हैं. नया सॉफ्टवेअर भी डाल देंगे. आप बस दिन निकालो."

"तिची पाळी सीजननंतर येत नाही," मी म्हणालो. "आणि दिवस मी काढणार नाही. विषाचा पेला हातातून खाली ठेवायला कोणी मुहूर्त विचारत नाही."

ते हसले. "गुस्सा आपको शोभा नहीं देता." आणि ताटलीतला पेढा माझ्यापुढे केला. तो पेढा मला आजही दिसतो.

मी बाहेर आलो, गोदामात गेलो आणि स्वतःच्या सहीने ताज्या बियाण्याचे एक पोते काढवले. त्याला यंत्राची चिठ्ठी लावली नाही. कोऱ्या कागदावर वाण, थप्पी आणि खरे साल शाईने लिहून बांधले. बाईला म्हटले, "बाई, पाणी तुम्ही जास्त दिले नाही. बियाणे जुने होते. शिक्का मी मारला होता. गावात माझे नाव घेऊन सांगा."

तिने विचारले, "मंग महाराज, तुमी कायले मारला?"

मी पोत्याची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. तिने पोते हमालाच्या डोक्यावर दिले आणि जाता जाता म्हणाली, "घरी नेऊन मूठभर भिजत घालून पाहीन जी आधी. राग नोका मानू." राग कसला मानणार? माझ्या शब्दाची किंमत तिने बरोबर केली होती.

त्या संध्याकाळी मी घेणाऱ्यांची नावे-पत्ते टिपलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला घरी आणल्या. ज्यांच्या नकलेवर शिक्क्याखाली नव्याण्णव होते त्या सर्वांना पोस्टकार्डे लिहिली. दवनीवाड्याचे दोघे तर स्वतः येऊन भांडून गेले. शेठजींनी त्यांना पोती बदलून दिली, माझ्याशी महिनाभर बोलणे टाकले आणि शिक्का दुसऱ्याच्या हाती दिला. कोणी काही विचारले की "पुराने मुकादम की गड़बड़" असे ते सांगू लागले. ज्या एका माणसाच्या स्मरणावर सगळा डोलारा उभा होता, दोष त्याच्याच माथी. यंत्र मात्र जागचे हलले नाही. दुसऱ्या एका शास्त्रीबुवांकडून त्यांनी दिवस काढवला. तोही, अपेक्षेप्रमाणे, पुढच्या वर्षीचा निघाला.

दिवाळीच्या दिवशी ती बाई पुन्हा आली. मी देवळात होतो. पूजेसाठी कार्यालयात पोहोचलो तेव्हा ती निरोप ठेवून गेलेली. शेवटच्या पाळीचे पाणी तिला मिळाले होते, बांधी पिकली होती. नव्या तांदळाचे एक गाठोडे तिने माझ्या देवाच्या नैवेद्यासाठी आणले होते. गाठोडे कुठे म्हणून विचारले, तर शेठजींनी कौतुकाने बोट दाखवले. संगणकाला झेंडूचा हार होता, उदबत्ती जळत होती, आणि ते तांदूळ उघडून त्याच्यापुढे रास करून मांडले होते. पडद्यावर शहात्तर साल उजाडायची वाट पाहत पंचाहत्तर लुकलुकत होते. "देखिये पंडितजी, भगवान को पहला भोग लग गया. अब मंत्र बोलिये."

मी उपरणे पसरून ते तांदूळ दाणा न् दाणा वेचून घेतले. मग मी घरी आलो. त्यानंतर त्या यंत्राची पूजा मी केली नाही. माझ्या जागी दुसऱ्याने केली, अनेक वर्षे केली. शेवटी ते नव्याला जागा देण्यासाठी हटले नाही. स्वतःच बंद पडले, तेव्हाच हातगाडीवर चढले.

ते तांदूळ मी दुसऱ्या दिवशी शिजवले. नैवेद्याआधी संकल्प केला, त्यात संवत्सर आणि तिथी सावकाश, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटली, आणि प्रथमच त्यापुढे स्वतःची चूकही देवाला सांगितली. भात मोकळा झाला होता. घरच्यांनी दोनदा मागून घेतला.

वाचकहो, नव्या संवत्सरात परमेश्वर तुमच्या घरी धान्याची रास अक्षय ठेवो. तुमच्या दारी येणारे बियाणे जिवंत असो आणि पाटाच्या शेवटी असलेल्या बांधीलाही तिच्या पाळीचे पाणी मिळो. तुमच्या मुलाबाळांच्या हातून कधी खऱ्यावर शिक्का न पडो. आणि पडलाच, तर तो उचलून खाली पाहण्याची बुद्धी त्यांना वेळेवर होवो. शुभं भवतु.