धाकलीबायचा नारळ

धाकलीबायला कुणी वय विचारलं, की ती पापलेटावरची माशी हाकलत म्हणायची, "नावच धाकली हाय. अजून किती ल्हान होऊ?" उरलेसुरले दोन दात तेवढ्यापुरते साक्षीला बाहेर येत.

तारापूरला वीज केंद्र उभं राहत होतं, तेव्हाची, पासष्टच्या आसपासची गोष्ट. नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून बोईसरला आलो होतो. मला मासे दोनच प्रकारचे ठाऊक होते: काट्यांचे आणि जास्त काट्यांचे. धाकलीबाय नवापूरहून पाटी घेऊन येई आणि बाजाराच्या तोंडाशी, पहिल्या जागेवर बसे. सासूच्या माघारी ती जागा तिचीच. माझी पिशवी ती स्वतः भरायची. "भाऊ, तू निवडू नको. वयनी शिव्या मना देते."

वीज केंद्रामुळे गर्दी वाढली आणि गर्दीमागून सुधारणा आली. बाजाराची समिती झाली. तिचे सेक्रेटरी टेरिलीनचा बुशशर्ट घालणारे तरुण गृहस्थ. वृद्धांविषयी त्यांना फार कळवळा. पुढच्या जागांवर म्हाताऱ्यांना ऊन लागतं, धक्के बसतात; तेव्हा त्यांनी मागे गटाराकडे बसावं, असं त्यांनी ठरवलं. तिथे सावली होती. गिऱ्हाईक नव्हतं, पण गिऱ्हाइकाचीही या वयात दगदगच. पुढच्या दोन म्हाताऱ्या मुकाट मागे गेल्या. भरलेल्या पाट्या परत नेऊन नेऊन त्या यायच्याच बंद झाल्या. त्यांना विश्रांती लाभली, असं समितीचं म्हणणं पडलं.

"माय, तूही बस ना मागं. आता वय झालं," सेक्रेटरी विनवायचे.

"मी धाकली हाय. मोठी जाले का बसन घरीच."

मग सेक्रेटरींनी नको झालेल्या माणसावरचा आपल्याकडचा खात्रीचा उपाय काढला: सत्कार. वक्ता म्हणून मला बोलावलं, कारण मी फुकट बोलतो. घरी तेवढीही संधी नसते. लुगडं, हार, नारळ, सगळं यथासांग झालं. 'आयुष्यभर कष्टलेल्या या माउलीने आता निवांत बसावं' या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. बायको घरी म्हणाली, "जिवंत बाईचं तेरावं घालून आलात."

धाकलीबायने नारळ कानाशी धरून हलवला. "पानी हाय. भाऊ, ह्यो कशापाई रं?"

"मानाचा आहे," मी पुटपुटलो.

"मना ठावं नाय होय? नारल दिला म्हंजे निघ." ती हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुनवेला आमी दर्याला नारल देतो. त्यो काय घरी बसतो? तवाच तर होड्या लोटतो आमी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सत्काराचं कोरं लुगडं नेसून पहिल्या जागेवर हजर. दगडावर नारळ फोडला, पाणी जागेवर शिंपडलं आणि खोबरं वाटायला घेतलं. सेक्रेटरी तावातावाने आले. तिने पहिला तुकडा त्यांच्याच हातावर ठेवला. प्रसाद नाकारायचा कसा? त्यांनी तो तोंडात टाकला.

"नव्यानं धंद्याला बसले, त्याचा परसाद. बसू ना?"

तोंडात खोबरं असलेला माणूस मान डोलावण्यापलीकडे काय करणार? ती मान सगळ्या बाजाराने पाहिली. जागेची भानगड तिथेच मिटली. पुढच्या आठवड्यात मागे गेलेल्या दोघीही पाट्या घेऊन तिच्या शेजारी येऊन बसल्या.

टोमणे काही थांबले नाहीत. 'म्हातारीला दिसत नसेल, शिळं देईल' असं म्हणत कुणी पुढे सरकलं, की ती ओरडायची, "जा बाबा, तरन्या हाताचं घे. मासली मेलेलीच भेटंल."

पुढे एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, ती नवापूरला वारली. बाजारात शोकसभा झाली. मला बायकोने बोलायला बंदी घातली होती, त्यामुळे सेक्रेटरीच बोलले. म्हणाले, "आज आपण एका मोठ्या बाईला मुकलो."

माझ्या शेजारी तिची सून उभी होती. पदराने नाक पुसत ती म्हणाली, "आयकलंस भाऊ? जाली एकदाची मोठी. म्हनून बसली घरी."

आणि रिकामी पाटी उचलून ती पहिल्या जागेवर जाऊन बसली.