ज्याच्याकडे चेंडू येत नसे

लेलँड क्रुपिच्का इतका चांगला खेळायचा, की तो कुणाला दिसतच नसे.

खेळ अमेरिकी फुटबॉलचा, चेंडू हाताने फेकायचा आणि झेलायचा; विद्यापीठाच्या संघात त्याची जागा बचावफळीच्या अगदी कडेला. काम एकच: समोरून धावत येणाऱ्या गड्याला सावलीसारखं चिकटायचं, त्याच्या हाती चेंडू पडू द्यायचा नाही. तीन वर्षांत त्याने ते इतकं चोख केलं, की प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूला चेंडू फेकेनासेच झाले. चेंडू दुसरीकडे, म्हणून कॅमेराही दुसरीकडे. हॅझल क्रीकची नऊशे माणसं दर शनिवारी टीव्हीपुढे बसत आणि आपल्या गावचं पोर शोधत.

"तो बघ, त्याचा बूट दिसला!"

"तो पाणी देणाऱ्याचा होता, बाबा."

धान्यकोठारात सकाळच्या कॉफीला जमलेल्यांसमोर म्हाताऱ्या व्हर्नने निकाल देऊन टाकला. "डार्लीनचा मुलगा नुसता उभा असतो. उभं राहायचं तर आमचं कोठारही गेली साठ वर्षं उभंच आहे."

डार्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती म्हणाली, "व्हर्नकाका, त्या कोठारात उंदीर शिरतात. माझ्या लेलँडजवळून काही जात नाही."

हंगाम संपता संपता अखिल अमेरिकी संघाची, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या सर्वोत्तम खेळाडूंची, यादी लागायची होती. त्या यादीत नाव आलं की गावाच्या वेशीवरच्या फलकावर चढतं. हॅझल क्रीकच्या फलकावर आजवर एकच नाव होतं, राज्याच्या जत्रेत पहिल्या आलेल्या एका डुकराचं. लेलँडला ती यादी हवी होती. झोपेतही तो ती वाचायचा.

"तुझी पाटी कोरी आहे, भावा," संघाच्या प्रसिद्धी खात्यातला ट्रॉय म्हणाला. "यादीसाठी मत देणारे आकडे बघतात. किती चेंडू हिसकावलेस?"

"माझ्याकडे फेकतच नाहीत."

"मग थोडं ढिलं सोड. त्यांना वाटू दे, गडी मोकळा आहे. चेंडू आला की घाल झडप."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

शेवटच्या सामन्यात, चार गुणांची आघाडी असताना, लेलँड मुद्दाम मागे राहिला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच चेंडू त्याच्या दिशेने आला. त्याने झेप घेतली. बोटभर कमी पडली, आणि गडी चेंडू झेलून पळत सुटला. मग तो जीव खाऊन त्या गड्यामागे धावला आणि गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे हवेत उडी घेऊन त्याला खाली पाडलं. त्या उडीचा फोटो देशभर छापून आला. पुढच्याच चालीत प्रतिस्पर्ध्यांनी तो एक यार्ड ओलांडला आणि सामना जिंकला. त्या एका यार्डाचा फोटो कुणी छापला नाही.

यादीत लेलँडचं नाव होतं. 'हार न मानणारा वीर,' वर्तमानपत्रांनी लिहिलं. गावाने डुकराला एक ओळ खाली सरकवलं, चर्चच्या दालनात सत्कार ठेवला, कोलाचींची, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, ताटं मांडली.

लेलँड बोलायला उभा राहिला. "मी त्याला मुद्दाम सोडलं होतं," तो म्हणाला. "दोन पावलं. नाव व्हावं म्हणून. सामना माझ्यामुळे गेला."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"एवढा मोठा झाला, तरी दोष स्वतःवर घेतो!" व्हर्नने डोळे पुसले. "संस्कार म्हणतात ते हेच!"

"काका, खरंच सांगतोय मी."

टाळ्या आणखी वाढल्या.

डार्लीन तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. लेलँड तिच्या शेजारी येऊन टेकला.

"दोन नव्हती," ती हळूच म्हणाली. "तीन."

"तुला कसं कळलं?"

"मी होते ना तिथे. चेंडूकडे बघायला ऐंशी हजार माणसं आली होती. मी कशाला बघू?"

त्याने मान खाली घातली. "चिडलीस?"

"हो," डार्लीन म्हणाली. "आता मान वर कर. फोटो काढतायत."