शिजवलेलं खातं कोण?

‘आधी खा, मग बोला,’ असं म्हणत ती तळहातावर चटणीचा नाहीतर पिठल्याचा घास पुढे करायची. तुम्ही त्या वेळी आमच्या शाळेत आला असतात, तर तुमच्याही पुढे हात आला असता. मी खाऊन ‘फार छान’ म्हणालो की ती नाक मुरडायची. ‘तुमचं काय धरायचं सर? तुमी आपलेच.’

ते खरंच होतं. आम्ही दोघंही बौद्ध वस्तीतले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, मांजरसुंब्याजवळच्या त्या शाळेत शिक्षक. ती बारावी झालेली, तिथेच पोषण आहाराची मदतनीस. मदतनीस म्हणजे तांदूळ निवडायचे, भांडी घासायची. चुलीवरच्या पातेल्याला मात्र तिचा हात लागू द्यायचा नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकीण आजारी पडली, ते गावभर झालं. बुधवारी खिचडी या मदतनीस पोरीनंच केली. वास वर्गापर्यंत आला. पोरं रांगेत उभी राहिली, पण ताट कुणी पुढे करेना.

‘ताई, माझा उपास हाय,’ पहिला म्हणाला.

‘माझाबी.’

सगळ्या रांगेचा उपास निघाला. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी होती. पातेल्यावरची नजर न काढता तीही म्हणाली, ‘माझाबी हाय.’ घरून पढवून पाठवलेलं होतं.

‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग उद्या साबुदाना करते.’

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘गावाचं वातावरण बिघडायला नको.’ खिचडी म्हशींना घातली. त्यांचा तेवढा उपास नव्हता.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. ‘सर, सैपाकाचं कॉलेज हुडकून द्या.’

तिचे वडील मागोमाग आले. ‘रांधायला कॉलेज कावून लागतंय? तुझी आय कुठं गेलती शिकायला?’

‘आयच्या हातचं खानारे आपुन चौघंच हावत, आबा. मला लोकांनी खायला पायजे.’

मी मोबाइलवर शोधू लागलो. मला उंच इमारती, चकचकीत भटारखाने, परदेशातल्या नोकरीची हमी असं सगळं आवडत होतं. ती फोटो बघतच नव्हती. प्रत्येक ठिकाणी फोन लावायची आणि एकच विचारायची, ‘पोरं शिकताना जे शिजवत्यात, ते खातं कोन?’

पहिल्या ठिकाणची बाई हसली. ‘मार्क दिले की टाकून देतो, मॅडम.’ दुसऱ्या ठिकाणी फोटो काढून विद्यार्थीच खात होते. तिसरी एक जुनी संस्था होती, भिंतींचा रंग उडालेली. तिथला माणूस वैतागून म्हणाला, ‘बाहेरचे लोक खातात. दुपारी खानावळ चालते. मीठ चुकलं तर शिव्या देतात. अजून काही?’

‘न्हाई. येवढंच,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. ‘सर, हेच.’

ती गेली, शिकली, शहरातल्या मोठ्या हॉटेलात लागली. पेपरात तिचा उंच टोपीतला फोटो आला, तेव्हा शाळेनं गॅदरिंगला तिचा सत्कार ठेवला. ‘आपल्या शाळेचं नाव काढलं!’ मुख्याध्यापकांनी शाल घालताना सांगितलं. टाळ्या लई पडल्या.

ती त्यांना हळूच म्हणाली, ‘दुपारचं जेवण मी करते. सामान आणलंय सगळं.’

‘छे, छे! तुम्ही पाहुण्या. पाहुण्यांना कुठं कष्ट देतात?’ मुख्याध्यापक इतक्या गोड आवाजात म्हणाले, की तिनं सामानाची पिशवी परत बांधली. जेवण हायवेवरच्या ढाब्यातून मागवलं होतं.

पंगतीत ती माझ्या शेजारी बसली. शेवभाजीचा एक घास घेतला आणि थांबली.

‘सर, त्या ढाब्यावर भटारखान्यात कोन हाय, ठावं हाय का? माझ्या तलवाड्याच्या मामाचा पोरगा.’

मी एकदम उठायला लागलो. सगळ्या पंगतीला ओरडून सांगावंसं वाटलं. तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

‘बसा. उद्याच काढून टाकत्याल त्याला.’

समोर मुख्याध्यापक बोटं चाटत होते. ‘काय हात आहे त्या आचाऱ्याचा! वाढ रे अजून!’

तिनं मान खाली घालून भाकरी मोडली.

त्यानंतर ती गावाकडे आली नाही. गॅदरिंगचं जेवण दर वर्षी त्याच ढाब्यातून येतं. सगळे मागून मागून खातात. मी कुणाला काही सांगत नाही.