मोजणीबाईंनी सही केली नाही

अठ्ठावीस वर्षं त्या रोज सकाळी पुलाखाली उतरायच्या, खांबावरच्या पट्टीवर नदीचं पाणी वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. सगळी गल्ली त्यांना मोजणीबाई म्हणे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कार्यालयाने त्यांच्या वह्या माळ्यावर फेकल्या. तेव्हापासून साहेब लोकांचं नाव निघालं की बाईंचं नाक आपोआप मुरडायचं.

मग नदी सुधारायची टूम निघाली. गल्लीला त्याच कार्यालयाकडून ‘लोकसहभाग बैठकी’चं बोलावणं आलं. बाई धाकट्या जावेला घेऊन गेल्या. दारातच शिपाई म्हणाला, “आधी सही, मग चहा.”

“आधी ऐकू तरी दे,” म्हणत बाई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

समोर सल्लागार म्हणवणारा एक गुळगुळीत इसम. त्याने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. लोकांना विचारायचं काय, तर काठावरचे बाक हिरवे हवेत की निळे! आराखडा तर मुखपृष्ठासकट छापून टेबलावर पडलेला.

बाई उठल्या. “यात नाले कुठेत?”

“तो तांत्रिक भाग आहे, मावशी.”

“नऊ नाले नदीत घाण ओततात. आणि तुमचे बाक जिथे आहेत, तिथे पुरात छातीभर पाणी असतं. मी मोजलंय. तुम्ही काय मोजलंत?”

“छान सूचना! चिठ्ठीवर लिहा ना.”

“बसा ना, जाऊबाई, लोक बघतायत,” जाऊ कुजबुजली.

बाई बसल्या नाहीत. तरातरा दाराशी गेल्या, हजेरीचा कागद उचलला आणि वरची मुंगीएवढी ओळ मोठ्याने वाचली: “खाली सही करणाऱ्यांना आराखडा मान्य आहे.”

मग गल्लीतला न्हावी उठला आणि त्याने आपली सही खोडली. मागोमाग रांग लागली. शेवटी तीन सह्या उरल्या, तिन्ही कार्यालयातल्याच.

बैठक पुन्हा घ्यावी लागली आणि गल्लीच्या हट्टाने ती सगळ्यात मोठ्या नाल्याच्या तोंडाशी झाली. कार्यालयाचे साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. सल्लागाराचा बूट चिखलात रुतला, तो काढायला कोणी हात दिला नाही.

नव्या नकाशात बाक वर सरकले आणि पाच नाले आले. चार अजूनही गायब. बाईंचा सत्कार करायचा म्हणून साहेब स्वतः घरी आले. बाईंनी त्यांना दारातच उभं केलं.

“हार राहू द्या. नकाशा पुरा करून आणा, मग आत या,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.