जाऊबाईंची आंबट पूड

माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाईट आला आणि त्याच सुमारास मोठ्या जाऊबाई एका कंपनीच्या एजंट झाल्या. कंपनी आंबवलेल्या सोयाबीनची पूड विकायची. वजन उतरतं, रक्तातली चरबी जाते, असं पाकिटावर छापलेलं. आम्ही एकाच घरात राहतो. त्या वर, आम्ही खाली, स्वयंपाक एकत्र.

“डॉक्टरांच्या गोळ्यांनी लिव्हर जातं,” त्या म्हणाल्या. “बंद कर. माझं ऐक.”

नवऱ्याने मान डोलावली. मी गोळ्या बंद केल्या.

रोज उपाशीपोटी ती पूड कोमट पाण्यात ढवळून प्यायची. फसफसून उतू गेलेल्या इडलीच्या पिठासारखा वास. दिवसभर आंबट ढेकर. रविवारी जेवणाआधी जाऊबाई वजनकाटा हॉलमध्ये आणून सगळ्यांसमोर मला त्यावर उभं करायच्या. आकडा हलला नाही की सासूबाई माझ्या ताटातला भात उचलून परत पातेल्यात टाकायच्या. दीर टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एकदा जिना चढताना छातीत धडधडलं, म्हणून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. कोलेस्टेरॉल आणखी वाढलं होतं. ते माझ्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्या बांगड्यांच्या डब्यात लपवल्या. भांडण नको म्हणून पूडही पीत राहिले.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. लॅबमधून तो नवऱ्याने आणला आणि मला दाखवायच्या आधी वर जाऊबाईंना नेऊन दिला.

मग गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये जाऊबाईंची मीटिंग झाली. मला चांगली साडी नेसायला लावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर आधी फोटो आला. मी गाऊनवर, पाठमोरी, ओणवी होऊन कपडे पिळतेय. तो कधी काढला, मला माहीत नव्हतं. लोक हसले. शेजारी नवराही हसला. नंतर माझा रिपोर्ट आला, टाळ्या पडल्या, मला स्टेजवर बोलावलं.

देवळ्याहून आलेली एक बाई मागून ओरडली, “पन ही तर अजून लय जाड हाय की!”

“आधी रक्त साफ होतं, मग शरीर,” जाऊबाई म्हणाल्या आणि माइक माझ्या हातात दिला. “सांग गं तूच.”

“मी डॉक्टरांची गोळी घेते,” मी म्हणाले. “हा रिपोर्ट त्या गोळीमुळे आलाय.”

जाऊबाईंनी माइक अलगद काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात टाकला. “बघा, किती भोळी आहे. व्हिटॅमिनच्या गोळीला औषध म्हणते. चरबी डोक्यात गेली की असंच होतं.”

सगळा हॉल खिदळला. देवळ्याची बाई तर डोळे पुसत होती. सगळ्यात आधी तिनेच पाकिटं घेतली.

परतताना नवऱ्याने सीबीएस बस स्टँडच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, “एवढ्या लोकांत वहिनीचा अपमान करायची गरज होती?”

“मी खरं तेच बोलले.”

“खरं घरात बोलायचं.”

म्हणून मी घरी आल्यावर सगळ्यांना बसवून पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापासून. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

“झालं?” त्या म्हणाल्या. “आता पोळ्या लाट. सगळे भुकेले आहेत.”

मी लाटल्या.