फायनलच्या आधीचं जेवण

काकूंनी माझ्या डोळ्यांदेखत रॅकेटची ग्रिप सोलली.

त्याच रॅकेटनं मी नुकतीच मॅच जिंकले होते. रॅकेट सायलीची. माझ्या रॅकेटची तार तुटली म्हणून तिनंच आपली दुसरी दिली होती. काकू म्हणजे सायलीची आई. बाकावरून उठल्या, माझ्या हातातून रॅकेट घेतली, मुठीवरची पट्टी नखानं उचकटली, गोल गोल सोडवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोन बोटांनी.

"घामाचा वास राहतो गं. बाकी काही नाही."

सायलीही घामानं निथळत होती. तिच्या हातातल्या रॅकेटला कुणी हात लावला नाही. ती खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच नाडी.

तेव्हा रोह्यात बॅडमिंटनचं वेड शिरलं होतं. टीव्हीवर आपल्या पोरी पदकं घेताना दिसायच्या आणि इथे बिल्डिंगखाली, गल्लीत, शाळेच्या पटांगणात, जिथे बघावं तिथे शटल उडायचं. पत्र्यांवर, विजेच्या तारांवर अडकलेली शटलं. मग गावात हॉल झाला. लाकडी कोर्ट, पांढरे दिवे. आम्ही बौद्धवाडीतल्या पोरी दोन झाडांना दोरी बांधून खेळायचो. शाळेतल्या सरांनी मला हॉलवर नेलं. "हिचा हात बघा," एवढंच म्हणाले. बघितला त्यांनी. सायलीला डबल्ससाठी जोडीदार हवी होती. जिंकून देणारी.

घरी आईला ग्रिपचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"राहू दे गो. खेळायला मिळतंय ना?"

दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर, खिळ्याला, एक जुनी रॅकेट टांगलेली.

"ही तुझी हं. हीच घेत जा," काकू गोड आवाजात म्हणाल्या.

बाकावरच्या बायका म्हणाल्या, किती करता हो तुम्ही तिच्यासाठी. मी थँक्यू म्हटलं. आमच्या आजीसाठी लोकांच्या ओट्याखाली वेगळी कपबशी असायची. माझ्यासाठी वेगळी रॅकेट. एवढीच काय ती प्रगती.

मग पेणची स्पर्धा आली. सकाळी आम्ही सेमीफायनल मारली. शेवटचा स्मॅश माझा. शटल पडलं आणि सायलीनं धावत येऊन मला मिठी मारली. घामासकट. त्या एका मिठीत मी सगळं विसरले. खरं सांगते, विसरले.

फायनल दुपारी होती. काकूंची बहीण पेणलाच राहायची, म्हणून जेवण तिच्याकडे. सायली, हॉलवरच्या आणखी दोन मुली आणि मी. दारात चपला काढल्या. त्या तिघी आत गेल्या. माझ्यासमोर काकूंचा हात आडवा आला.

"आमच्या ताईकडे सोवळ्याचं फार असतं गं. तू इथेच बस, राणी. तुझं बाहेर पाठवते."

राणी म्हणाल्या. पायरीवर बसवताना.

आतून वरणभाताचा वास येत होता. पोटात आग पडली होती. थोड्या वेळानं कागदी पत्रावळ आली. खिडकीतून आतली स्टीलची ताटं दिसत होती. सायलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पापड मोडला.

त्या पापडाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी पत्रावळ उचलली, त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली, बॅग खांद्याला लावली आणि चालत स्पर्धेच्या ठिकाणी गेले. मागोमाग काकू रिक्षानं आल्या. धापा टाकत.

"वेड लागलंय का तुला? फायनल आहे. सायलीचं वर्ष जाईल!"

"मी उपाशी खेळत नाय. नि पायरीवर जेवत नाय."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

मी पंचांच्या टेबलाशी गेले. सांगितलं, आमची जोडी उतरणार नाय. समोरच्या जोडीला कप मिळाला. न खेळता. माझाही गेला. वडखळ, नागोठणे करत एसटीनं एकटी घरी आले.

हॉलवर मला परत घेतलं नाही. जागा नाही म्हणाले. मागून बोलणं कानावर यायचं, संधी दिली की डोक्यावर बसतात. सायली बाजारात दिसली की रस्ता बदलायची. पण सगळ्यात जास्त लागलं ते आईचं.

"एक घास भाईर खाल्ला असतास तर मेली असतीस काय?"

बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. माझी आई जन्मभर लोकांच्या परसात बसून जेवली होती. मेली नव्हती. पण एकेका घासाबरोबर तिनं काय काय गिळलं होतं, ते त्या दिवशी तिच्या तोंडावर दिसलं. मी तिच्याशी भांडले नाही. तिच्यासारखी होणार नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

आता तर इकडे गावोगाव पोरंपोरी बॅडमिंटन खेळतात. नव्या कोर्टांची उद्घाटनं होतात. माइकवर कुणीतरी म्हणतंच, खेळात जात नसते. टाळ्या पडतात. मी वाजवत नाही.

मी वाडीतल्या पोरींना शिकवते. मोकळ्या जागेत चुन्याच्या रेषा मारून. सर्व्हिस शिकवते, स्मॅश शिकवते. त्याच्याही आधी सांगते, तुला कुणी दाराबाहेर ठेवलं तर रॅकेट पिशवीत घालायची आणि निघायचं. रडायचं नाही, समजवायला बसायचं नाही.

परवा एकीनं विचारलं, "ताई, पन फायनल असली तर?"

म्हटलं, "फायनल असली तर ती पयली सोडायची."